जेवा म्हणणारं कुणी

परदेशात, फ्लॅट बुश या उपनगरात मुलाकडे आल्यापासून शेजारच्या चिनी गृहस्थांशी माझी ओळख कुंपणावरूनच. ना त्यांना इंग्रजी येत, ना मला चिनी. बोटांनी वयं सांगून झाली, तेव्हा ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे निघाले. कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोन्ही हातांनी द्यायचे, किंचित वाकून. मला आधी ते जरा नाटकीच वाटायचं.

एका रविवारी त्यांच्या मुलाने मला जेवायला बोलावलं. नातवंडं आपापले वाडगे घेऊन टीव्हीपुढे गेली. म्हातारबुवांनी काड्यांना हात लावला नाही.

"लहानांनी 'जेवा' म्हटल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. जुनी पद्धत," मुलगा इंग्रजीत म्हणाला. "पोरं विसरतात." आणि स्वतःही 'जेवा' न म्हणताच, वाजणारा फोन घेऊन उठून गेला.

भात निवत चालला. त्यांच्याहून लहान असा टेबलापाशी मीच उरलो होतो. शेवटी सरळ मराठीत म्हणालो, "दादा, जेवा आता."

त्यांनी मान लववली आणि काड्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होतो. कुंपणापलीकडे ते उभे होते. हातात भाताचा भरलेला वाडगा, आणि नजर माझ्या तोंडाकडे.