टोपी तुमची, टॉवेल बाळाचा

चौसाळ्याकडच्या कुठल्याही लग्नात जा, माईकवर नावं पुकारणारा हाच एक गडी असतो. बोलण्याआधी माईकवर दोनदा टिचकी मारायची आणि प्रत्येक आडनाव शेवटाला लांबवायचं, ही त्याची सवय. अक्षतांच्या आधी पुढाऱ्यांचे टोपी-टॉवेल देऊन सत्कार होतात. ती नावं पुकारणं हे त्याचं काम.

सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डासाठी गावानं वर्गणी गोळा करायला घेतली, तेव्हापासून त्यानं नियमच केला. टोपी घरी न्या, टॉवेल बाळांना गुंडाळायला द्या. सत्कार झाला की तो पिशवी पुढे करतो. मला आधी हा आगाऊपणा वाटायचा.

परवा एक मोठे पुढारी टॉवेल खांद्यावर टाकून तसेच निघाले. त्यानं माईकवर टिचकी मारली.

"साहेब, टॉवेल ठिवून जावा. त्यो तुमचा न्हाई."

नवरीचा बाप हात जोडून त्याला आवरायला बघत होता, पण हा हलला नाही. साहेब कसनुसं हसत परत आले आणि टॉवेल पिशवीत टाकून गेले.

मग त्यानं नेहमीच्याच सुरात पुकारलं, "पुढचा सत्कार! आज सकाळी आपल्या दवाखान्यात जन्मलेल्या पोरीचा! नाव आजून ठिवायचं हाय!"