दहा पावलांवरचा माणूस

"किती जण दिसतात?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"एकच," हे म्हणाले.

"आत्ता इथे आहे?"

ह्यांनी माझ्या खुर्चीच्या मागे पाहिलं आणि मान हलवली. मी वळून पाहिलं नाही. 

मॅडमनी कागदावर पीटीएसडी असं लिहिलं. म्हणजे भयंकर प्रसंग होऊन जातो, पण मन त्यातून बाहेर पडत नाही. माझे मिस्टर वीस वर्षं फौजेत होते. निवृत्त होऊन नाशिकजवळ मखमलाबादला घरची गुलाबाची शेती बघायला लागले, त्याला चार वर्षं झाली होती. कुणाच्या घरी असं काही चाललं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात चहापासून झाली. फुलांची तोडणी उरकून आले की म्हणायचे, "दोन कप ठेव." दुसरा कप ओट्यावर तसाच निवून जायचा. मला वाटलं, फौजेतली सवय असेल. मग एकदा पंचवटीत फुलं देऊन स्कूटरवरून परत येत होतो. रामवाडीच्या पुलापाशी, भर उन्हात, हे म्हणाले, "जरा मागं सरक. त्याला जागा होत नाही."

मी सरकले. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. आमच्या दोघांत वीतभर जागा मोकळी राहिली आणि घर येईपर्यंत मी तिथे हात नेला नाही.

मग तपासण्या. एमआरआय, म्हणजे मेंदूचे आतले फोटो. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद. दोन्ही नॉर्मल. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत बिघाड नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा." त्यांनी चिठ्ठीही दिली. लोक काय म्हणतील, म्हणून ती मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. ही माझी चूक. तुम्ही करू नका.

सासूबाई म्हणाल्या, "लय वर्षं बाहेर काढली त्यानं. काहीतरी लागलंय. त्र्यंबकला नेऊन विधी करा." नेलं. गुरुजींनी सवयीने विचारलं, "कोणासाठी करायचंय? नाव, गोत्र?"

ह्यांनी ओंजळीतलं पाणी ताम्हनात सोडलं. मग म्हणाले, "नाव ठाऊक नाही, गुरुजी. मीच मारलाय त्याला."

गुरुजींची पळी हातातच राहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "नाव ठाऊक नसलं तरी करता येतं." ह्यांनी विधी मनापासून केला. आठ-दहा दिवस बरे गेले.

मग एका दुपारी हे विहिरीच्या काठावर दिसले, पाय आत सोडून बसलेले. चेहरा अगदी शांत. "तो म्हणतो, खाली गार आहे." मी ह्यांचा दंड घट्ट धरला आणि ओरडून दिरांना बोलावलं. त्याच दिवशी चिठ्ठी बाहेर काढली आणि आम्ही मॅडमच्या समोर जाऊन बसलो.

तीन आठवडे वॉर्डात काढले. झोप आणि भास ह्यांसाठी गोळ्या. मग एक्सपोजर थेरपी, म्हणजे ज्या प्रसंगापासून मन पळतं तो मॅडमच्या समोर पुन्हा पुन्हा सांगायचा. पाच बैठकांना मी बाहेर बाकावर होते. सहाव्या वेळी ह्यांनीच मला आत बोलावलं.

"गस्तीवर होतो. नाल्यात उतरलो," हे म्हणाले. "तो दहा पावलांवर होता, एकटाच. रायफल बाजूला ठेवून थर्मासमधून चहा ओतत होता. त्यानं वर बघितलं, ओळखीचं कुणी आल्यासारखं. मी गोळी झाडली."

मला वाटलं, संपलं. मॅडमनी विचारलं, "पुढे?"

"मला आनंद झाला, मॅडम. लय आनंद. साथीदारांनी पाठ थोपटली." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी त्याचा चहा प्यायलो. गरम होता अजून."

मॅडम म्हणाल्या, "आपण वाचलो, ह्याचा आनंद होता तो. शरीर तसंच वागतं. त्यासाठी इतकी वर्षं स्वतःला शिक्षा करताय." ह्याला मॉरल इन्ज्युरी म्हणतात, असं त्यांनी मला समजावलं. म्हणजे आपल्याच हातून आपल्या सदसद्विवेकाला झालेली जखम.

मला आमच्या गल्लीतले सत्कार आठवले. "किती लोळवले?" असं कुणीतरी हमखास विचारायचं. हे खाली बघायचे आणि मी अभिमानाने हसायचे.

आता वर्ष झालं. गोळ्या कमी झाल्यात. तो अजून येतो, महिन्या-दोन महिन्यांनी. लांब उभा असतो, बोलत नाही, असं हे सांगतात. पूर्ण जाईलच असं मॅडम म्हणत नाहीत. पण हे मला सांगतात, आणि त्यासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे.

गेल्या रविवारी आमची ऋतुजा फुलांच्या जुड्या बांधता बांधता अचानक म्हणाली, "पप्पा, तुम्ही खरंच माणूस मारलाय?" ती बारावीत आहे. पूर्वी मी तिला गप्प केलं असतं. ह्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "हो. बस, सांगतो."

मी गॅस बंद केला आणि जवळ जाऊन बसले. ह्यांनी सगळं सांगितलं, काहीच वगळलं नाही. ऋतुजा रडली नाही. तिने फक्त विचारलं, "केवढा होता तो?"

"तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल."

तिने त्यांचा हात धरला, तोच, उजवा, आणि बराच वेळ सोडला नाही.