मधल्या खुर्चीवरच्या वहिनी

शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन वाजला आणि त्यावर वहिनींचं नाव दिसलं. शुक्रवार म्हणजे नवे सिनेमे लागण्याचा दिवस, आणि त्या दिवशी वहिनींचा फोन कशासाठी येतो हे मला पाठ होतं. मी आधी नाही म्हणायचं, त्यांनी ते ऐकायचं नाही, आणि शेवटी मीच तयार व्हायचं, असा आमचा ठरलेला खेळ होता. म्हणून पलीकडून कोणी बोलायच्या आतच मी सुरू केलं, "नाही म्हणजे नाही, वहिनी. गुडघे सांभाळा आणि घरी बसा. महिन्याभरात टीव्हीवर येतोच तो." मग माझी पुतणी पल्लवी म्हणाली, "काका, मी आहे. आई गेली..." सकाळचा चहा सगळ्यांना देऊन त्या जरा टेकल्या होत्या, आणि बसल्या जागीच गेल्या. मी केली ती थट्टाच होती, आणि ती त्यांच्या कानांवर पडलीही नाही. तरी सहा आठवडे झाले, त्या वाक्याची लाज काही जात नाही.

उमरेडजवळच्या आमच्या गावाहून मी कॉलेजसाठी नागपूरला आलो तो थेट दादांच्या घरी, इतवारीत. दादांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या गल्लीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी सतरा वर्षांचा, वहिनी पंचविशीच्या. लहान दिराला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हटलं, आणि त्याच आदरानं माझ्याकडून पाणी भरून घेतलं. दादांना सिनेमाचं वावडं नव्हतं, पण सुरुवातीच्या नावांच्या पाट्या पडायला लागल्या की त्यांचे डोळे मिटायचे आणि पहिल्या गाण्यापर्यंत ते घोरायला लागायचे. त्यांच्या घोरण्यावर मागच्या रांगेतल्या एकानं एकदा चढ्या आवाजात मत दिलं, तेव्हापासून वहिनींबरोबर टॉकीजला जायचं काम माझ्याकडे आलं. मला तर लॉटरीच लागली. बायकांच्या खिडकीवर रांग छोटी असायची, त्यामुळे तिकिटं त्या काढायच्या आणि मी त्यांची पिशवी धरून भिंतीशी उभा राहायचो. कॉलेजातली पोरं बघून हसायची, पण हाऊसफुल्लच्या पाटीसमोरून मी आत जायचो आणि ती बाहेरच राहायची.

टॉकीजचे वहिनींचे नियम होते. पहिला, मधात बसायचं. रांगेच्या कडेची खुर्ची मिळाली तर त्या शेजारच्यांना सरकायला लावून मधल्या खुर्चीपर्यंत पोचायच्या. दुसरा, खायचं काही न्यायचं नाही आणि मध्यंतरात आणायचंही नाही. एरवी चार वेळा वाढून पाचव्यांदा आग्रह करणारी ही बाई टॉकीजात मला फुटाण्याची पुडीसुद्धा घेऊ द्यायची नाही. मी कुरकुर केली की म्हणायच्या, हातात पुडी आली की वाटणं आलं. मग चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन, पदर खांद्यावरून लपेटून त्या अशा बसायच्या की मध्यंतरातही जागच्या हलायच्या नाहीत. मला वाटायचं, काय ही सिनेमाची आवड... मी ती सिनेमाचीच समजत राहिलो, आणि बराच काळ समजत राहिलो.

एकदा मात्र त्यांना उठावं लागलं. सिनेमा अगदी रंगात आला होता, नायकाच्या आईला खरं काय ते कळायची वेळ आली होती, आणि टॉर्चवाला आमच्या रांगेशी येऊन विचारू लागला की इतवारीच्या भांडेवाल्यांच्या घरच्या बाई कोण आहेत, बाहेर त्यांचे मालक उभे आहेत. वहिनींचा चेहरा उतरला. कोणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून आम्ही धडपडत बाहेर आलो. फाटकाशी दादा सायकल धरून उभे. उमरेडच्या एसटीनं मामा-मामी आले होते, आणि दादांनी एवढ्या लांब सायकल हाणली ती एक प्रश्न विचारायला. "चहापत्ती कुठं ठेवली वं?" वहिनींनी जागा सांगितली असती तरी काम भागलं असतं. पण त्या सरळ सायकलच्या कॅरिअरवर बसल्या. तिकीट वाया जायला नको म्हणून दादांनी मला परत आत पाठवलं. आणि मी गेलो. नुसता गेलो नाही, तर मधल्या खुर्चीवर बसून आरामात शेवटपर्यंत सिनेमा पाहिला.

घरी आल्यावर पुढची गोष्ट सांगायला मी उतावीळ झालो होतो. वहिनी मामींसाठी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, नका सांगू, मी पाहीन. पण शुक्रवारी सिनेमा बदलला, आणि त्या आईला कळलेलं खरं वहिनींना कधीच कळलं नाही. त्यानंतर त्यांनी नवीन रीत पाडली. घरी एका टॉकीजचं नाव सांगायचं आणि जायचं दुसऱ्याच टॉकीजला. खोटं बोलण्यासाठी त्यांनी आयुष्यात एवढी एकच जागा राखून ठेवली होती, आणि त्यात मी त्यांचा भागीदार. दादांच्या सायकलीचा हा किस्सा मी पुढं तीस-चाळीस वर्षं लग्नाकार्यात सांगितला. दरवेळी लोक पोट धरून हसले. वहिनीही हसायच्या, पण तो पुरा होण्याआधी त्यांना हमखास काहीतरी आणायला आत जावं लागायचं.

मग भाड्यानं व्हीसीआर आणायचे दिवस आले. नोकरी लागल्याच्या आनंदात एका रविवारी मी तो सायकलरिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला, आणि घोषणा केली की वहिनींसाठी टॉकीजच घरी आणली. अर्धी गल्ली पुढच्या खोलीत बसली. दुपारभर दोन सिनेमे झाले. वहिनींनी मोठ्या गंजात तीनदा चहा ठेवला, तर्री-पोहे केले, कोणाच्या लेकराला पडल्यावर हळद लावली. संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत विचारलं, कसा वाटला? "मस्त होता जी," त्या म्हणाल्या. कोणता मस्त होता, असं विचारायचं मला सुचलं नाही.

पल्लवीला विमानतळाजवळच्या मिहानमध्ये चांगली नोकरी लागली आणि तिनं आईसाठी भिंतभर टीव्ही आणला. तोवर इतवारीचं घर नव्यानं बांधून झालं होतं, दुकान दादांनी बंद केलं होतं आणि वहिनींचे गुडघे पार गेले होते. टॉकीज आता घरीच, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. आम्ही म्हणजे दादा, पल्लवी आणि सगळ्यांत पुढे मी. मी शाळामास्तर, मुद्देसूद बोलायची खोड. पायऱ्या नाहीत, पार्किंगची कटकट नाही, स्वतःच्या घरची गादी, आवाज हवा तेवढा, सिनेमा हवा तेव्हा... वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या शुक्रवारी मला फोन केला. असं दर शुक्रवारी. मी चिडवायचो की अख्खी टॉकीज भिंतीला लटकवून दिली तरी तुम्ही तिच्यासमोर दहा मिनिटं बसत नाही, तुम्हाला सिनेमा नको असतो, भटकायला हवं असतं. मला हे विनोदी वाटायचं.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी मी जरा जास्तच बोललो. एवढा पैसा घालून लेकीनं आणलेल्या टीव्हीचा तुम्ही अपमान करता, असंही म्हणालो. वहिनी एरवी माझं बोलणं हसण्यावारी न्यायच्या. त्या दिवशी थांबल्या.

"भाऊजी, घरी हाक मारली की उठा लागते. टॉकीजात मले कोणी हाक नाही मारत. एवढंच आहे, दुसरं काही नाही."

मी फोन ठेवला. घरात माझ्या बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चहा टाकतेस का? हे ती वाचेल तेव्हा तिला हसू येईल, किंवा येणारही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. गुडघ्यांचा विचार करून पल्लवीनं कडेच्या खुर्च्यांची तिकिटं काढून दिली होती. वहिनींनी रांगेतल्या एका तरुण जोडप्याला गोड बोलून उठवलं, आणि काठी टेकत, लोकांच्या पायांतून वाट काढत मधात जाऊन बसल्या. चपला काढल्या. एक पाय वर घेता आला, दुसरा येईना, तो मी खालून उचलून दिला. मध्यंतरानंतर पाहतो तर त्या झोपलेल्या. मान माझ्या बाजूला, तोंड किंचित उघडं, श्वास शांत. खरं सांगतो, आधी मला राग आला. लिफ्ट शोधा, चाकाची खुर्ची मागा, जोडप्याची माफी मागा, आणि ह्या इथे झोपणार. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. दादांचा होता. वहिनी स्वतःचा फोन मुद्दाम घरी विसरल्या असणार, म्हणून मला लावला होता. ते काय विचारणार ते मला माहीत होतं, साखर नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्या. मी वहिनींकडे पाहिलं. भर दिवसा, स्वतः आजारी नसताना, या बाईला निवांत झोपलेलं मी पंचेचाळीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी फोन बंद केला. रागबिग सगळा निघून गेला, आणि पडद्यावर पुढं काय झालं ते माझ्याही डोक्यात शिरलं नाही, कारण त्यांची मान घसरू नये म्हणून मी खांदा न हलवता बसलो होतो.

दिवे लागल्यावर त्या जाग्या झाल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मस्त होता." मग माझ्याकडे पाहून स्वतःच हसू लागल्या. घरी दादा घुश्शात होते, दोघांनाही बोलले. "फोन काहून बंद करून ठेवला गा?" मी बॅटरी संपल्याचं सांगितलं. वहिनी चहा ठेवायला गेल्या. मी मुद्दाम फोन बंद केला होता हे त्यांना नंतर निवांत सांगायचं असं माझ्या मनात होतं. मग थंडीत त्यांना खोकला धरला, टॉकीज राहिली, आणि ते सांगायचंही राहिलं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. गेल्या रविवारी मी इतवारीला गेलो. दादा आता ऐंशीला आलेत, दिवसभर खिडकीशी बसून असतात. त्यांचं मन रमावं म्हणून पल्लवीनं टीव्हीवर सिनेमा लावला. बरा होता, दादा चक्क जागे होते. चार वाजले. मी पाहिलं, दादांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग पल्लवीनं पाहिलं. मीही त्या दाराकडेच पाहत होतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मग मी उठलो.

गॅसपाशी उभं राहिलं की त्या स्वयंपाकघरातून काय दिसतं ते मला ठाऊक नव्हतं. फ्रिजची बाजू दिसते, त्यावरचं कॅलेंडर दिसतं आणि दाराची चौकट. टीव्ही दिसत नाही. मान लांबवून पाहिली, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं, तरी दिसत नाही. आवाज मात्र सगळा येतो. कोणीतरी रडत होतं, मग दार आपटलं, मग दादा हसले, मग पल्लवी हसली. कशाला हसले ते मला कळलं नाही. साखरेचा डबा उघडून मी ऐकत उभा राहिलो. सतराव्या वर्षापासून मी या घरचा, इथल्या चहाचा हिशेब लागणार नाही, आणि सिनेमा सुरू असताना मी इथं पहिल्यांदा उभा होतो.

बाहेरून पल्लवीनं विचारलं, "काका, तुम्ही येईपर्यंत थांबवून ठेवू काय?"

सहज विचारलं तिनं, हातात रिमोट असणार. मला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं होतं. पण मी चमचा हातात धरून आठवत राहिलो, की हे वहिनींना आमच्यापैकी कोणी, एकदा तरी, विचारलं होतं का...