मोरीजवळचा वाकडा ओंडका

माझं माहेर समुद्रकाठच्या चिखल्याचं. बोंबील ताजा आहे की नाही हे मी डोळे मिटून सांगेन, पण लग्न होऊन रानशेतला आले तेव्हा रानातली अळंबी खायची कुठली आणि मरणाची कुठली, एवढंही मला कळत नव्हतं. सासूबाईंनी शिकवलं. उलटी करून बघ, वास घे. घरी शिजवल्यावर माझ्या ताटावर हात आडवा धरून पहिला घास त्यांनीच खाल्ला. "आधी मी, मग तू."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा गेला आणि रान सुटलं. पावसाळाभर दारात बसून त्या डोंगराकडे बघत राहायच्या. मला ते बघवेना. म्हणून डहाणूला जाऊन शिकून आले. पडलेल्या आंब्याचे दहा ओंडके करून घेतले, त्यांना भोकं पाडून धिंगरी अळंबीचं बी भरलं, वर मेण लावलं. परसात सावलीला ठेवून रोज पाणी मारायचे. सासूबाईंना मात्र बोलले नाही. एकदम दारात उगवलेली अळंबीच दाखवायची होती. तो शहाणपणा नडला.

वैशाखात भाचीच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेले. परतले तर नऊ ओंडके उन्हात वाळून खडखडीत झालेले, आतलं बी मेलेलं. मी सासूबाईंवर तोंड सोडलं. "तुम्हाला सांगितलं होतं कोणी?"

"पावसाआधी लाकूड सुकवायला नको? ओलं पेटत नाय गो. धूर तुझ्याच डोळ्यात जातो."

तो गुडघा घेऊन त्यांनी एकेक ओंडका लोटत नेला होता, हे रागाच्या भरात माझ्या लक्षातच आलं नाही. पुढे आमचं बोलणं कामापुरतं उरलं. चूक कळत होती, पण जीभ रेटत नव्हती.

दहावा ओंडका वाकडा. तो लोटता लोटता मोरीजवळच अडला होता. त्यावर पाय ठेवून त्या रोज पाय धुवायच्या.

श्रावण सरताना एका सकाळी त्यांनी मोरीतून हाक मारली. ओंडक्याच्या कुशीला शिंपल्यांसारखी पांढरी अळंबी लागली होती. त्यांनी एक उलटी केली, वास घेतला. "ही आपल्या रानातली नाय."

मग मी सगळं सांगितलं. त्या अळंबी खुडून चुलीशी बसल्या.

जेवताना त्यांचा हात माझ्या ताटावर आडवा आला.

"आई, ही खात्रीची आहे. बी आणून लावलेली."

"असू दे. आधी मी."

घास गिळला तरी त्यांचा हात माझ्या ताटावरच होता. माझे डोळे भरून आले. "आई, चुकलं माझं."

त्यांनी हात काढला. "जेव आता."