ट्रकवरचा गंज

टर्पेंटाइनचा वास आला की मला माणच्या आमच्या सोसायटीतलं ते छंदांचं प्रदर्शन आठवतं. तीन महिने राबून मी युद्धाचा देखावा केला होता; बोटाएवढ्या लष्करी ट्रकांवर टर्पेंटाइनमध्ये कालवलेल्या रंगांनी चिखल चढवला होता आणि झकास दिसतो म्हणून भरपूर गंजही फासला होता. परीक्षक होते हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीतले साहेब, चार व्हिडिओ बघून पंडित झालेले. “वा, गंज काय जिवंत आलाय!” ते म्हणाले. तेवढ्यात आमचे वॉचमन काका पुढे वाकले. त्यांनी फौजेत असेच ट्रक चालवले होते. “साहेब, एवढा गंज न्हाई चढायचा. ठिपका जरी दिसला तरी आमाला शिक्षा व्हायची,” ते हळूच म्हणाले. साहेबांनी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. “काका, तुम्ही गेट सांभाळा, कलेतलं आम्हाला कळतं,” म्हणत ते मोठ्यानं हसले. काकांचं खरं होतं, हे मला कळत होतं. पण पहिला नंबर डोळ्यांसमोर दिसत होता, म्हणून मीही हसलो. काका टोपी नीट करून निघून गेले आणि नंबर मला मिळाला. तो साहेब नुसता अडाणी होता. मला आजही किळस येते ती त्याच्याबरोबर हसलेल्या लाचार माणसाची.