चौथा मजला, लिफ्ट नाही

माझ्या भावोजींनी जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. कुणी चिडवलं की म्हणायचे, "दिवसभर वर-खाली करून येतो, घरी आल्यावर पुन्हा तेच कशाला?" माणूस हजरजबाबी, हातात कसब, आणि हट्टी तर असा की आपलं चुकतंय हे कळलं की हट्ट दुप्पट व्हायचा. ताईने त्यांच्यासोबत इतकी वर्षं कशी काढली, तिचं तिलाच माहीत. मी असते तर पहिल्याच वर्षी बॅग भरली असती.

पुढे ताईचे गुडघे गेले. शेवटची ती खाली उतरली ती दातांच्या डॉक्टरकडे जायला. परत येताना एकेका पायरीवर बसत, कठड्याला धरत ती वर आली आणि दारात पोचल्यावर ओक्साबोक्शी रडली. दात दुखत होता ते ती विसरूनच गेली होती. गुडघे बदलायचे तर भूल द्यावी लागते, आणि तिचं हृदय भूल सोसणारं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं ताई खाली उतरलेली नाही. आणि ही कोण बाई? भाजी आणायला म्हणून जायची आणि रस्त्यातल्या सगळ्यांची विचारपूस करून, भाजी विसरून परत यायची! आता तिला वरून लोकांची डोकी तेवढी दिसायची. डोक्यांवरून ती माणसं ओळखायची. "खालच्या चांभाराचं टक्कल वाढलंय गं," असं मला सांगायची.

मागच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर मीच शोधलं. दोन खोल्या, बुटका उंबरा, दार थेट रस्त्यावर उघडणारं. मालकीणबाई मुलाकडे राहायला जाणार होत्या, पण त्यांना घाई नव्हती. "तुमचं घर विकलं जाईपर्यंत थांबते," म्हणाल्या. ताईने ते घर पाहिलं नव्हतं, मी जेवढं सांगेन तेवढंच.

"दारातून रस्ता दिसतो का गं?"

"दिसतो काय? दारातच आहे रस्ता. पाय पसरून बसलीस तर सायकलवाला शिव्या देईल."

हे ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची आणि दर वेळी तितकीच हसायची.

म्हणजे सगळं घोडं अडलं होतं ते चौथ्या मजल्यावरचं घर विकण्यापाशी. एजंट आला. तरुण होता, पण धंद्यात मुरलेला. धापा टाकत वर आला, पाणी प्यायला, घर बघितलं आणि म्हणाला, "काका, पंचेचाळीस लाख."

भावोजींनी त्याला घरभर फिरवलं. कपाटं त्यांनी स्वतः केलेली, एकही दार करकरत नव्हतं. तारा भिंतीच्या आतून नेलेल्या. खिडक्या एका बोटाने सरकणाऱ्या. "दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर बावन्नला विकून गेले," ते म्हणाले. "त्यांचा नळ कायम गळायचा. तोसुद्धा मीच नीट करून दिलेला."

"पण काका, तो दुसरा मजला."

"साठ लाव."

एजंटने कपाळाला हात लावला. "साठ लावलं की ज्यांच्याकडे साठ आहेत ते लिफ्टवालं घर बघतात. आणि ज्यांना तुमचं परवडेल ते फोनच करत नाहीत. लोक येतात ते पहिल्या महिन्यात. तेव्हा आकडा बरोबर असेल तरच काम होतं."

"साठ," भावोजी म्हणाले.

मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, "भावोजी, पंचेचाळीस आले तरी ते घर घेऊन वर पैसे उरतात. ताईला खाली न्यायचंय की मास्तरांची जिरवायचीय?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. इतकी वर्षं या हातांनी जे केलं त्याची किंमत मास्तरांच्या गळक्या नळापेक्षा कमी, हे त्यांच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. जाहिरातीत त्यांनी 'हवेशीर' लिहायला लावलं आणि लिफ्टचं नाव काढू दिलं नाही.

सुरुवातीला थोडे लोक आले. वर येऊन घाम पुसायचे, मग खुर्चीत बसलेल्या ताईकडे बघायचे, तिच्या काठीकडे, तिच्या सुजलेल्या पायांकडे. घर छान आहे म्हणायचे आणि जायचे. नंतर तेही बंद झाले. भावोजींनी पंचावन्न केले, बऱ्याच दिवसांनी पन्नास. दर वेळी जणू दाढ उपटावी तसं तोंड करून. एजंट म्हणाला, "काका, घर शिळं झालं. साठवरून पन्नासला आलं म्हटल्यावर लोक विचारतात, काय गडबड आहे तिथे?"

मग चपला घालता घालता, खाली बघत तो म्हणाला, "आणि एक सांगू का? गिऱ्हाईक यायच्या वेळेला काकूंना जरा आतल्या खोलीत बसवता आलं तर बघा. लोक आधी त्यांचे पाय बघतात, मग घर."

मला वाटलं, भावोजी आता याला जिन्यावरून ढकलून देणार. मी तर वाटच बघत होते. पण ते त्याला जिन्यापर्यंत सोडून आले. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं, तर त्यांनी स्वतः ताईची खुर्ची आतल्या खोलीत नेली, औषधाच्या बाटल्या उचलल्या, काठी दारामागे उभी केली आणि गुडघ्याच्या तेलाचा वास जावा म्हणून खिडक्या उघडल्या.

ताई हसली. "म्हातारपणी लपाछपी खेळायला गडी मिळाला बाई!"

मला नाही हसू आलं. स्वयंपाकघरात त्यांना गाठून मी नाही नाही ते बोलले. बायकोला अडगळीसारखं आत टाकता, लाज वाटत नाही का, इथपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तर मग कशी नेऊ तिला खाली? सांग ना तू. हे विकल्याशिवाय कशी नेऊ?" त्यांचा आवाज फाटला. त्या माणसाचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

त्यातच तळमजल्याच्या मालकीणबाईंनी निरोप पाठवला की मुलगा घाई करतोय, या महिन्याअखेर नक्की करा, दुसरं माणूस तयार आहे. आता भावोजी अठ्ठेचाळीसवर आले.

आणि गिऱ्हाईक मिळालं. चाळिशीची बाई, बँकेत नोकरीला, न धापा टाकता वर आली. कपाटं उघडून बघितली, खिडकी सरकवून बघितली आणि भावोजींना म्हणाली, "हे तुम्ही केलंय? हल्ली असं काम कोण करतं!" भावोजी फुलले. अठ्ठेचाळीस तिला मान्य होते. तिने घासाघीससुद्धा केली नाही. मी आतल्या खोलीत ताईपाशी बसले होते. ताईने माझा हात घट्ट धरला होता.

"ही पुढची खोली बाबांना देईन," बाहेर ती बाई सांगत होती. "खाली दुकानापाशी बसवून आलेय त्यांना. चालताना जरा पाय ओढतात, म्हटलं आधी मी बघते. हळूहळू चढतील. आणि एकदा वर आले की झालं, नाही का?"

ताईने माझा हात सोडला. मी "ताई, बस" म्हणेपर्यंत ती उठलीही होती. काठी तर दारामागे होती. भिंत धरत, खुर्ची धरत, दाराची चौकट धरत ती बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तेवढ्यानेसुद्धा तिला घाम फुटला होता.

"तुमच्या बाबांना इथे आणू नका," ती म्हणाली. "एकदा वर आले की झालं म्हणालात ना? खरं आहे ते. मी दोन वर्षं इथेच आहे."

बाई ताईकडे बघत राहिली. मग तिने भावोजींकडे बघितलं. भावोजी आपण केलेल्या कपाटाला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. बाईने ताईचा हात हातात घेतला, काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. तिची पावलं खाली जाताना ऐकू येत होती. किती भराभर उतरत होती ती!

मी ताईवर ओरडले. अगं, आता कोण येणार? ते घर जाईल ना हातचं! ताई म्हणाली, "मग काय करू? तो बिचारा या खिडकीत बसून डोकी मोजत बसला असता." आणि मग रडायला लागली. ते घर तिलाही हवंच होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. भावोजी एवढंच म्हणाले, "चहा टाक गं कुणीतरी." तिला ते एका शब्दाने बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. महिनाअखेर तळमजल्याचं घर दुसऱ्याला गेलं.

त्यानंतर भावोजींनी एक केलं. आपल्या मजल्याखाली जिना वळतो तिथे भिंतीला एक घडीची फळी बसवली, बसण्यापुरती. दुपारी ताईला धरून तिथवर नेतात. येणारे-जाणारे तिच्याशी बोलतात, आणि घर बघायला येणारेही. एजंट परवा वैतागला होता. "काका, आकडा चाळीसवर आणून काय उपयोग? लोक काकूंपाशीच थांबतात आणि तिथूनच परत जातात. ती फळी तरी काढा." भावोजींनी फळी काढली नाही. उलट पुढच्या प्रत्येक वळणावर एकेक बसवली, थेट खालच्या दारापर्यंत. म्हणाले, एका दिवसात नाही, पण हळूहळू उतरेल ती.

ताई अजून पहिल्या फळीच्या पुढे गेलेली नाही. खालच्या फळ्यांवर लोक पिशव्या टेकवतात, मुलं नाचतात. दारापाशी जी शेवटची आहे, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते. ती भावोजी दर रविवारी खाली उतरून पुसून ठेवतात.