जपानच्या देवाला भिवंडीचा पत्ता

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये माझं काम म्हणजे बाहेरगावच्या ट्रक ड्रायव्हरांना फोनवर रस्ता सांगायचा. बाकी वेळात मी सगळ्यांच्या नकला करतो. शेठची चाल, गणेशपुरीच्या एसटीतला कंडक्टर, काहीही सांगा. गोडाऊनमध्ये जपानचं मशीन आलं आणि ते शिकायला आम्हा तिघांना तिकडे पाठवलं, तेव्हा शेठ बोलला, तिथं तरी माणसासारखा वाग.

एका रविवारी सकाळीच आईचा फोन आला. ताईचं बीपी वाढलंय, आता सिझर करणार, आत घेऊन गेलेत. आईचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. म्हणाली, "तिकडं देव हाय ना? मंग जा की."

होस्टेलजवळ एक शिंतो देऊळ होतं. बाहेर लाकडी कमान, आत दगडी कुंडी, पाण्यावर लांब दांड्याचे पळे. मी तीर्थ समजून एक पळी पिऊन टाकली, उरलेलं डोक्याला लावलं. बाजूचा म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. तिथं पाणी प्यायचं नसतं, हात धुवायचे आणि चूळ भरायची असते. ते मला त्याच्याकडे बघून कळलं.

मग मी ठरवलं, आपल्याला नक्कल येते ना, म्हाताऱ्याची करायची. तो वाकला की मी वाकलो. त्याने दोन टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या. त्याने कमरेवर हात ठेवून "उंऽ" केलं, मी पण केलं. तो थांबला. हळूच कान पकडला. मी पण पकडला. त्याने दुसरा कान पकडला. मी तो पण पकडला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा काका आपली परीक्षा घेतोय. त्याचं तोंड गंभीरच होतं, पण खांदे गदगदत होते.

त्याने मोबाईल काढला, त्यात बोलला, मोबाईलने मला हिंदीत विचारलं की काय मागायला आलास. मी ताईचं सांगितलं. त्याचे खांदे एकदम थांबले. परत मोबाईल बोलला, "भगवान को अपना नाम, पता बताया?"

नव्हतं सांगितलं. आपल्याकडे देवाला कोण पत्ता सांगतं? इकडे सांगतात. त्याने मला थेट कमानीबाहेर नेलं आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं.

पत्ता सांगण्यात आपल्याला तोड नाही. फक्त सवयीने हिंदी सुरू झालं. "धामणकर नाके से सीधा आने का. जाम लगा तो रिक्षा स्टँड के पीछे से निकलने का. लूम का आवाज आया तो लेफ्ट. दवाखाना पहला माला. वॉचमन रोकेगा, मेरा नाम बोलने का." ताईचं नाव सांगताना मात्र नक्कल थांबली. कुणाचाच आवाज काढता येईना. माझ्याच आवाजात सांगितलं.

नंतर आम्ही पायरीवर बसलो. काका घरी गेला नाही. त्याने पिशवीतून संत्रं काढलं, अर्धं मला दिलं. मी फोन हातात धरून बसलो, संत्रं हातातच राहिलं.

फोन वाजला तो व्हिडिओचाच. आई रडत होती, पण हसऱ्या तोंडाने. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत, बीपी उतरलं. मी मोठ्याने ओरडलो, कबुतरं उडाली.

मग आईला देव बघायचा होता. मी फोन देवळाकडे फिरवला. आत मूर्ती दिसत नाही, नुसता पडदा. "देव कुठाय रे?" आई म्हणाली. फोन फिरवता फिरवता काका आला स्क्रीनवर, पांढऱ्या केसांचा, हातात अर्धं संत्रं.

"ह्येच का?" म्हणत आईने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

काका उठून उभा राहिला आणि कमरेतून वाकला. आई पण वाकली. समोरचा वाकला की आपण वाकायचं, हा त्यांचा रिवाज. देवाने नमस्कार केला तर आपण कसं थांबायचं, हा आईचा. दोघं थांबेनात. शेवटी मागून नर्सचा आवाज आला, आजी, नात बघायची की न्हाय?